दाताचे मॅचिंग

सांगलीच्या बाजारपेठेत आमचे साड्यांच्या मॅचिंगचे दुकान आहे. फॉल, अस्तर, परकर आणि ब्लाउजपीस छटांच्या क्रमाने लावलेल्या मांडणीसमोर मी गेली बावीस वर्षे बसते आहे. गिऱ्हाइकाने साडी पुढे केली की तिच्या काठाचा धागा कोणत्या गठ्ठ्याशी जाईल, हे हात पुढे जाण्याआधीच डोळ्यांना कळते. मात्र खात्री करायची तर ट्यूबलाइटखाली करायची नाही, साडी आणि तुकडा दोन्ही घेऊन पायरीवर यायचे, हा आमच्या सासऱ्यांनी घालून दिलेला नियम आहे. "ताई, जरा उजेडात नेऊन बघा," हे वाक्य मी दिवसातून किती वेळा म्हणते याची मोजदाद नाही. असे असूनही स्वतःच्या पटाशीच्या दाताचा रंग जुळवण्याची वेळ आली तेव्हा ते वाक्य मला सुचले नाही, आणि त्याचा परिणाम पुढची दोन वर्षे रोज सकाळी आरशात पाहावा लागला.

दात तुटला तो दुकान बंद करताना. शटर खाली ओढण्याची आकड्याची लोखंडी सळई हातातून निसटली आणि वरच्या पटाशीच्या डाव्या दाताचा बाहेरचा कोपरा, अंदाजे एक तृतीयांश रुंदीचा, उडून गेला. तो तुकडा रस्त्यावर शोधावा असे त्या गडबडीत कोणाच्याच मनात आले नाही. असा तुकडा सापडला तर तो दुधात किंवा पाण्यात ठेवून दंतवैद्याकडे न्यावा, पुष्कळदा तोच परत चिकटवता येतो आणि मग रंग जुळवण्याचा प्रश्नच उरत नाही, हे मला फार उशिरा समजले.

रात्री साडेआठला जवळच उघड्या असलेल्या दवाखान्यात गेले. तिथल्या डॉक्टरांनी वेळ नसतानाही मला घेतले, ही गोष्ट नोंदवलीच पाहिजे. त्यांनी ओठाखाली कापसाच्या गुंडाळ्या ठेवल्या, दात हवेच्या फवाऱ्याने वाळवला, निळसर जेल लावून धुतला, पुन्हा वाळवला, चिकटद्रव्य लावले आणि मग डोक्यावरच्या दिव्याखाली दोन-तीन नळ्यांमधले दात भरायचे मसाले दातापाशी धरून त्यांतला एक निवडला. वीस-पंचवीस मिनिटे तोंड उघडे होते आणि या सगळ्या वेळात दाताला ओलावा असा मिळाला नव्हता. काम झाल्यावर त्यांनी आरसा दिला. जोड कुठे आहे हे मलाही सांगता आले नसते. रंग जुळवण्याचा धंदा करणाऱ्या बाईने "अगदी जमले" असे म्हणून पैसे दिले आणि ती घरी आली.

सकाळी न्हाणीघराच्या खिडकीतल्या उजेडात पाहिले, तर दाताच्या कोपऱ्यावर चुन्याचे बोट लावल्यासारखा पांढरा भाग उठून दिसत होता. आधी वाटले, भरलेला मसाला रात्रीतून पांढरा पडला असावा. प्रत्यक्षात उलट घडले होते. मसाला होता तसाच होता. माझा दात आपल्या मूळ रंगावर परत आला होता. परत गेले तेव्हा डॉक्टर म्हणाले की दोन-चार दिवसांत सवय होईल. मला सवय झाली असती. गिऱ्हाइके मात्र बोलताना माझ्या डोळ्यांकडे न पाहता किंचित खाली पाहू लागली होती.

दात कोरडा झाला की पांढरट दिसतो. दाताच्या वरच्या कठीण थराला, म्हणजे एनॅमलला, आपण काचेसारखे भरीव समजतो. पण त्यात अतिसूक्ष्म फटी असतात आणि त्यांत पाणी असते. ते पाणी उडून तिथे हवा शिरली की प्रकाश आत जाण्याऐवजी अधिक विखुरतो, एनॅमलचा पारदर्शकपणा कमी होतो आणि खालच्या पिवळसर थराचा, म्हणजे डेंटिनचा, रंग झाकला जातो. लाळेने दात पुन्हा भिजायला काही तास लागतात, कधी अख्खा दिवसही लागतो. कापड ओले झाल्यावर गडद दिसते आणि वाळल्यावर फिकट, त्यातलाच हा प्रकार आहे. फरक इतकाच की कापडाचा खरा रंग कोरडेपणी ठरतो, म्हणून रंगारी नमुना वाळेपर्यंत बोलत नाही. दाताचा खरा रंग मात्र ओलेपणीचा. त्या रात्री कोरड्या दाताशी रंग जुळवला गेला होता, आणि मी तो माझ्या कापडाच्या सवयीने पाहिला होता.

पुढच्या दोन वर्षांत त्या पांढऱ्या भागात आणखी भर पडली. सांगली हळदीची बाजारपेठ. आमच्या घरात हळद सढळ हाताने पडते आणि दुकानात चहा दिवसातून चार वेळा होतो. या मसाल्याला आपण बोलताना सिमेंट म्हणतो, परंतु ते कॉम्पोझिट असते, म्हणजे राळेसारख्या प्लास्टिकमध्ये काचेची बारीक पूड मिसळलेली असते. त्यातला राळेचा भाग हळदीचा आणि चहाचा रंग धरतो. पृष्ठभाग नीट घासून गुळगुळीत केला नसेल तर अधिकच धरतो. माझ्या दातावर जोडाच्या रेषेत पिवळी-तपकिरी कड उमटली, आणि फॉल वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने लावल्यावर टाके दिसावेत तशी ती दिसू लागली.

तरीही मी चालवून घेतले असते. भाचीच्या संगीताच्या कार्यक्रमात मांडवात ते जांभळट दिवे लावले होते, ज्यांच्यात पांढरे सदरे झगमगतात. दुसऱ्या दिवशी फोटो आले, आणि भाचीने विचारले, "मावशी, तुझा दात पडलाय का गं?" फोटोत माझे बाकीचे दात निळसर पांढरे चमकत होते आणि तुटलेल्या कोपऱ्याच्या जागी काळी खाच दिसत होती. हे कोडे मात्र मला लगेच सुटले, कारण आमच्या गल्ल्यावर नोटा तपासायचा दिवा आहे. त्याखाली काही पांढरी अस्तरे दिव्यासारखी पेटतात आणि काही मेल्यासारखी पडून राहतात. कापडात चमक आणणारे द्रव्य घातले असेल तर ते अतिनील किरण शोषून निळसर उजेड बाहेर टाकते. नैसर्गिक दातही तसेच करतात, त्यातही डेंटिन अधिक. आणि माझ्या दातात भरलेल्या मसाल्यात तो गुण नव्हता.

मग ओळखीतून मिरजेच्या एका दंतवैद्य बाईंचे नाव मिळाले. फोनवर त्यांनी सकाळी अकराची वेळ दिली आणि दोन सूचना केल्या: लिपस्टिक लावू नका, आणि शक्यतो भडक रंगाची साडी नेसू नका. दुसरी सूचना ऐकून मला त्यांच्याविषयी एकदम विश्वास वाटला. राणी रंगाच्या साडीशेजारी ठेवलेला मोतिया कपडा हिरवट दिसतो, हे ज्याला ठाऊक आहे त्याच्याशी रंगाविषयी बोलता येते. मी राखाडी साडी नेसून गेले. तरीही त्यांनी गळ्याभोवती राखाडी कापड टाकलेच.

पहिल्या दिवशी त्यांनी काही भरले नाही. दात पेस्ट लावून मऊ ब्रशने स्वच्छ केले, कारण चहाच्या थरावरून रंग पाहणे म्हणजे मळक्या साडीला फॉल जुळवणे. मग मला चूळ भरायला सांगून, ओठ मिटून थोडा वेळ बसायला लावले आणि खुर्ची खिडकीकडे वळवली. डोक्यावरचा दिवा बंद केला. हातात शेड गाइड घेतले: एका पट्टीला लावलेले सोळा नकली दात, प्रत्येकाच्या दांडीवर अक्षर आणि आकडा. व्हिटा या जर्मन कंपनीची ही पट्टी १९५६ पासून चालत आली आहे आणि आजही बहुतेक दवाखान्यांत तिचीच भाषा बोलली जाते. ए म्हणजे लालसर तपकिरीकडे झुकणारे, बी लालसर पिवळे, सी राखाडी आणि डी लालसर राखाडी. आकडा वाढत जातो तशी छटा गडद होत जाते. आमच्याकडे दोऱ्याच्या रिळांचे नंबरपत्रक असते, त्याचीच ही बहीण.

मी लगेच "ए की बी" असे विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "ताई, अक्षर शेवटी बघू. आधी उजळपणा." रंग कोणता आहे यापेक्षा तो किती उजळ आहे हे डोळ्याला अधिक खुपते, छटेत थोडी चूक झाली तर खपून जाते, उजळपणात झाली तर समोरच्याला दाराशीच दिसते. म्हणून त्यांनी पट्टीतले दात अक्षरांप्रमाणे न लावता सर्वांत उजळापासून सर्वांत गडदापर्यंत लावून ठेवले होते. त्या डोळे किलकिले करून पाहत होत्या. गठ्ठ्यांच्या रांगेतून नेमका गठ्ठा निवडताना मीही डोळे असेच बारीक करते. त्यामुळे रंग मागे सरतो आणि उजेड-अंधाराचा फरक पुढे येतो. प्रत्येक वेळी त्या पाच-सहा सेकंदच पाहत आणि लगेच राखाडी पुठ्ठ्याकडे नजर वळवत. एकाच रंगाकडे टक लावली की डोळा त्या रंगाला सरावतो आणि फरक दिसेनासा होतो. लग्नसराईत सलग तीस लाल साड्या जुळवल्यावर एकतिसावी आपण चुकवतो, ते याच कारणाने.

माझ्या दाताचा मधला भाग ए-२ च्या जवळ आला. पण हिरड्यालगत तो ए-३ होता, कारण तिथे एनॅमल पातळ असते आणि डेंटिनचा पिवळेपणा वर येतो. खालच्या धारेला तर कोणताच नंबर बसेना, कारण तिथे मागे डेंटिनच नसते आणि कडेला किंचित निळसर, काचेसारखी झाक दिसते. एका दातात तीन रंग! पहिल्या खेपेला तिथे एकच मसाला भरला होता. धूपछाँव कापडाला एकरंगी ठिगळ लावले तर ते ठिगळच दिसणार.

यानंतर त्यांनी जे केले ते मला सर्वांत आवडले. शेड गाइडमधले दात पोर्सिलेनचे असतात आणि आपल्याला भरायचे असते कॉम्पोझिट. नंबर तोच असला तरी दोन कंपन्यांचा ए-२ एकसारखा असेलच असे नाही. म्हणून त्यांनी जेल किंवा चिकटद्रव्य काही न लावता, ओलसर दातावरच वेगवेगळ्या मसाल्यांचे मसुराएवढे ठिपके लावले आणि निळ्या दिव्याने ते कडक केले. कडक केल्याशिवाय पाहण्यात अर्थ नसतो, कारण दिवा लागल्यावर रंग बदलतो. पुष्कळ कॉम्पोझिटमध्ये कॅम्फरक्विनोन नावाचे पिवळे द्रव्य असते. निळ्या प्रकाशाने मसाला घट्ट होतो तो त्याच्यामुळे, आणि त्या कामात त्याचा स्वतःचा पिवळेपणा बराच कमी होतो. ओला रंग आणि पक्का रंग यांतला फरक रंग जुळवणाऱ्या बाईला समजावून सांगावा लागला नाही.

चार ठिपके घेऊन मी आरशासह खिडकीत गेले, मग दाराबाहेर, मग आत ट्यूबलाइटखाली. त्या हसल्या, पण थांबवले नाही. एक ठिपका ट्यूबलाइटखाली सरस होता आणि बाहेर हिरवट पडत होता. हा दगा मी ओळखते: दोन वस्तूंचे रंग वेगवेगळ्या द्रव्यांनी बनलेले असले की एका उजेडात ते जुळतात आणि दुसऱ्यात फारकत घेतात. तो ठिपका आम्ही दोघींनी एकमताने बाद केला. राहिलेल्या तिघांचा त्यांनी फोनवर फोटो काढला आणि त्यातला रंग काढून टाकून तो काळा-पांढरा केला. दोन ठिपके दातात मिसळून गेले. तिसरा, जो मला डोळ्यांनी उत्तम वाटला होता, तो फोटोत उजळ दिसत होता. बावीस वर्षांच्या अनुभवाला हा एक लहानसा टोला होता. ठिपके चिकटवलेले नसल्यामुळे नखाने काढावेत तसे निघाले.

दात उजळ करून घ्यावेत का, असेही मी विचारले. त्या म्हणाल्या की करायचे असेल तर आधी करावे लागेल, कारण भरलेला मसाला ब्लीचने उजळत नाही. शिवाय ब्लीचनंतर दातात राहिलेला ऑक्सिजन मसाल्याच्या पकडीला बाधा आणतो, म्हणून साधारण दोन आठवडे थांबावे लागते. सेहेचाळिसाव्या वर्षी एनॅमल झिजून आणि डेंटिन जाड होऊन आलेला हा रंग मला पुरेसा होता. मी नको म्हटले.

दुसऱ्या खेपेला प्रत्यक्ष काम झाले. जुना भाग काढण्यापूर्वी त्यांनी दातांच्या मागच्या बाजूचा लुकणासारख्या सिलिकॉनचा साचा घेतला, म्हणजे नवा कोपरा कुठपर्यंत न्यायचा हे ठरलेले राहते. जुना मसाला कुठे संपतो आणि दात कुठे सुरू होतो हे पाहण्यासाठी त्यांनी लहानशी जांभळी बॅटरी लावली. संगीताच्या मांडवात मला लाज आणणारा तोच उजेड इथे उपयोगी पडला; दात चमकला आणि मसाला काळा राहिला, त्यामुळे चांगला दात जराही खरवडला गेला नाही. तुटलेल्या कडेला त्यांनी तिरका आणि किंचित नागमोडी उतार दिला, कारण सरळ रेषेतला जोड डोळ्याला लगेच सापडतो.

मग रबराचा पातळ पडदा लावून दात वेगळे केले. दहा मिनिटांनी त्यांनी मला आरसा दाखवला. पडद्यातून बाहेर आलेले सहाही दात खडूसारखे झाले होते. "आता रंग निवडला असता तर तुम्हाला बी-१ भरून दिला असता," त्या म्हणाल्या. पट्टीतला सर्वांत उजळ दात! दोन वर्षांपूर्वीची ती रात्र माझ्यासमोर उभी राहिली, आणि त्या डॉक्टरांवरचा माझा राग निम्मा झाला. पूर्ण गेला नाही, कारण "सवय होईल" हे उत्तर नव्हते.

भरणे म्हणजे थर लावणे होते. साच्याच्या आधाराने मागे एनॅमलच्या मसाल्याची पापुद्र्यासारखी भिंत, तिच्यापुढे डेंटिनचा अपारदर्शक मसाला, धारेजवळ त्या डेंटिनला बोटांसारखी टोके, टोकांच्या मधे निळसर झाक देणारा कणभर मसाला, आणि वर पुन्हा एनॅमलचा पातळ थर. डेंटिनचा थर कमी पडला असता तर मागचा तोंडातला अंधार पुढे दिसून कोपरा राखाडी वाटला असता. तलम साडीला अस्तर न लावता नेसल्यावर आतला रंग वर येतो, तसा. वरचा एनॅमलचा थर जाड झाला असता तरी तेच. यात मिलीमीटरच्या भागांचा हिशेब चालतो. प्रत्येक थराला वीस सेकंद निळा प्रकाश दिला जात होता आणि मधल्या वेळात डोक्यावरच्या दिव्यापुढे नारिंगी काच होती, नाहीतर त्याच्याच उजेडाने मसाला हातात घट्ट होऊ लागतो. कामाला पावणेदोन तास लागले. जबडा अवघडला आणि शेवटी शेवटी कंटाळाही आला.

खरखरीत चकत्यांपासून मऊ चकत्यांपर्यंत घासून आकार दिल्यावर त्या म्हणाल्या, "आज आरसा देते, पण मत देऊ नका." बरोबरच होते. त्या क्षणी नवा कोपरा गडद, काहीसा मळका दिसत होता आणि शेजारचा दात पांढराफटक. पहिल्या खेपेला जे जुळलेले दिसले ते चुकीचे ठरले होते; या खेपेला न जुळलेले पाहून घरी जायचे होते. मिस्टरांनी संध्याकाळी पाहून "हा पण बिघडवला का?" असे विचारले. मी त्यांना सकाळपर्यंत थांबायला सांगितले.

सकाळी न्हाणीघराच्या खिडकीत जोड सापडला नाही. दुकानात गेल्यावर पायरीवर उभी राहून पुन्हा पाहिले, तिथेही नाही.

आठवड्याने शेवटची घासणी झाली. शेजारच्या दातावर बारीक उभ्या रेघा आहेत, तशा नव्या भागावर हलक्या हाताने कोरून मग चकाकी दिली गेली. रंग बरोबर असूनही पृष्ठभाग सपाट राहिला तर प्रकाश वेगळा परततो आणि भाग परका वाटतो. हे झाल्यावर त्यांनी दोष स्वतःहून दाखवला: कॅमेऱ्याच्या थेट फ्लॅशमध्ये, तिरक्या कोनातून, जोडाची एक फिकट रेषा दिसते. ती मीही पाहिली आहे. हळद आणि चहा चालू राहणार हे गृहीत धरून त्यांनी सहा महिन्यांनी पुन्हा घासायला बोलावले आहे, आणि या मसाल्यालाही कधीतरी बदलावे लागेल हे आधीच सांगून ठेवले आहे.

त्या दिवशी दुकानात आल्यावर गल्ल्यावरचा नोटांचा दिवा तोंडासमोर धरून हातातल्या आरशात पाहिले. दात निळसर चमकला, कोपराही चमकला. कोपरा कणभर अधिक, इतकेच. मग डॉक्टरांनी लिहून दिलेली चिठ्ठी काढली. हिरड्यालगत ए-३, मधे डेंटिन ए-२, वर एनॅमल, धारेला निळसर, आणि मसाल्याच्या कंपनीचे नाव. नेहमीच्या गिऱ्हाइकांचे फॉलचे आणि दोऱ्याचे नंबर मी ज्या वहीत उतरवून ठेवते, तिच्यातच ते माझ्या नावापुढे लिहिले आणि कंसात टीप केली: दात ओला असताना, सकाळी अकरा वाजता, खिडकीत.